रोल खराब झाला, तर लॅब देणार काय?

कॅमेऱ्याची फिल्म धुणाऱ्या लॅबबद्दल लिहिताना स्कॅनचे रंग सगळे पाहतात, ऑर्डर फॉर्मच्या तळाची बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. तिथे बहुतेक ठिकाणी एकच अट असते: रोल हरवला वा बिघडला तर कोरा रोल, फार तर धुलाईचे पैसे परत. फिल्म कंपनीची हमीही तेवढीच, तीसुद्धा दोष उत्पादनातला किंवा पॅकिंगमधला असेल तरच. भरपाई म्हणून ही सेवा नापासच.

कोर्टात मात्र ही अट नेहमी टिकत नाही. इंग्लंडमध्ये एक्सेटरच्या काउंटी कोर्टाने १९८१ साली लग्नाचे फोटो गमावणाऱ्या लॅबची अशी अट गैरवाजवी ठरवली आणि ७५ पौंड द्यायला लावले. जास्त पैशांत जास्त जबाबदारी घेणारा पर्याय लॅबला देता आला असता, हा त्यातला कळीचा मुद्दा.

भांडण्याआधी निगेटिव्हची कड वाचा. तिथे कंपनीने आधीच छापलेले आकडे धुलाईनंतर दिसू लागतात. फ्रेम कोऱ्या पण हे आकडे ठसठशीत असतील, तर धुलाई ठीक आहे. मग कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकलीच नाही किंवा शटर उघडलं नाही. आकडेही गायब आणि फिल्म पारदर्शक असेल, तर रसायनांचा घोळ, बहुधा डेव्हलपरआधी (चित्र उमटवणारं रसायन) फिक्सर (ते पक्कं करणारं) वापरला गेला. आकडे फिके, फ्रेमही फिक्या: डेव्हलपर थंड किंवा थकलेला. सी-४१मध्ये, म्हणजे रंगीत निगेटिव्हच्या नेहमीच्या धुलाईत, तो ३७.८ अंश सेल्सिअसवर ३ मिनिटं १५ सेकंद लागतो, तिथे अंदाजपंचे चालत नाही. १२०च्या रोलवर (पाठीला कागद असलेली रुंद फिल्म) फोटोतल्या आकाशात त्या कागदाचे आकडे उमटले, तर बॅच नंबर घेऊन कंपनीला गाठा. मात्र रोल दमट, उष्ण जागी ठेवला असेल तर ती हात वर करणार.

सर्वांत वादाचा म्हणजे लांबीभर गेलेला सरळ ओरखडा. कॅमेऱ्याची प्रेशर प्लेट (फिल्म सपाट दाबून धरणारी पट्टी), कॅसेटच्या तोंडच्या मखमलीत अडकलेला कण, लॅबचे रोलर, कुणीही तो पाडू शकतं. त्याच कॅमेऱ्यातल्या आधीच्या रोलवर त्याच उंचीला रेघ असेल, तर लॅब बहुधा सुटली.

लॅब निवडताना मशीन विचारा. रोलरच्या मशीनमध्ये लीडर कार्डची (फिल्म ओढून नेणारा पुढचा तुकडा) टेप सुटली की फिल्म आत अडकते. टांगून बुडवणाऱ्या मशीनमध्ये घासाघीस नाही, पण क्लिप निसटली तर रोल टाकीच्या तळाशी. आणि निगेटिव्ह परत द्यायला खळखळ करणाऱ्या लॅबकडे रोल टाकूच नये. पुरावा तिच्याकडेच राहतो.