दिवेआगरच्या तंबूंसाठी आम्ही भरलेले ४१,५९९ रुपये

ज्या जागेवर आमचे चार तंबू उभे असायला हवे होते, तिथे सुपारीची वाडी होती. गाडी थांबताच, आम्ही तोंड उघडण्याआधीच, वाडीच्या मालकांनी "तंबूवाले का?" असे विचारले, कारण त्या महिन्यात असे चुकून तिथे आलेले आमचे तिसरे कुटुंब होते. २७ डिसेंबर २०२४ च्या त्या संध्याकाळी आम्ही नऊ जण, त्यात तीन मुले आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, ताम्हिणी घाट उतरून, माणगाव-म्हसळा करत दमून तिथे पोहोचलो होतो. तोवर आमचे ३१,६०० रुपये गेलेले होते आणि उरलेले ९,९९९ पुढच्या वीस मिनिटांत गेले.

समाजमाध्यमावरच्या ज्या पानावरून आम्ही हे तंबू ठरवले, त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. अशी पाने सर्वांनी पाहिली आहेत. पांढरे तंबू, आत पलंग, बाहेर दिव्यांच्या माळा, शेकोटी आणि खाली शेकडो प्रशंसा. चार तंबू, दोन रात्री, प्रत्येकी ३,५०० रुपये, म्हणजे २८,०००. ८ डिसेंबरला निम्मी रक्कम, १४,०००, मी आगाऊ भरली. चार दिवसांनी फोन आला की नाताळच्या गर्दीत पूर्ण पैसे भरणाऱ्यांनाच जागा पक्की मिळेल आणि उरलेल्या रकमेवर दहा टक्के सूट दिली जाईल. मी १२,६०० भरले. मग ५,००० रुपये परत मिळणारी अनामत म्हणून भरले. बोलणारा माणूस स्वच्छ मराठीत, "ताई, आजींना जिना चढावा लागणार नाही, जेवण बिनलसणीचे वेगळे करू" असे आपुलकीने सांगत होता. हे वाचून मला भोळी म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की आजवर कोकणातल्या ज्या ज्या घरगुती निवासांत आम्ही राहिलो, त्या सर्वांना आगाऊ पैसे फोनवरूनच दिले आणि ते मालकाच्या किंवा त्याच्या मुलाच्या खात्यातच गेले. त्यामुळे पैसे पाठवताना पडद्यावर कॅम्पचे नाव न दिसता एका अनोळखी व्यक्तीचे नाव दिसले, तेव्हा मला त्यात वावगे वाटले नाही. आता सांगते: ते नाव समोरच्याने सांगितलेल्या नावाशी जुळत नसेल, तर तिथेच थांबा. कोणतेही स्पष्टीकरण ऐकून घेऊ नका.

पण ज्या क्षणाची मला आजही रात्री आठवण होते, तो वेगळाच आहे. पैसे भरण्याच्या आदल्या रात्री मी ते फोटो सासूबाईंना दाखवले. त्यांचे बालपण श्रीवर्धन तालुक्यात गेले आहे. एका फोटोखाली लिहिले होते, ‘तंबूच्या दारातून समुद्रावरचा सूर्योदय’. त्यांनी चष्मा सारखा केला, फोटो पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो मागच्या डोंगरावरून. आणि हे पाणी इतके निळे? आमच्या पाण्यात वाळू दिसते." मी त्यांना म्हटले, "आई, जाहिरातीत असेच लिहितात," आणि फोन बाजूला ठेवला. संपूर्ण कोकण किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, हे मला शाळेपासून माहीत आहे. दिवेआगरच्या किनाऱ्यावरची सुरूची झाडे त्या एकाही फोटोत नव्हती. ज्या एका व्यक्तीला तो किनारा खरोखर माहीत होता, तिने मला वेळेवर सावध केले होते आणि मी तिचे म्हणणे दोन वाक्यांत मोडून काढले. पैशांपेक्षा मला याची जास्त लाज वाटते.

दुसरी खूण तर माझ्या रोजच्या कामातली होती. मी एका कर सल्लागाराच्या कार्यालयात हिशेब पाहते. कॅम्पवाल्यांनी पाठवलेल्या पावतीवरचा जीएसटी क्रमांक ०८ ने सुरू होत होता. महाराष्ट्राचा संकेतांक २७ आहे, ०८ राजस्थानचा. असा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून कोणाचा आहे ते पाहायला एक मिनिट लागते आणि ते काम मी दिवसातून दहा वेळा लोकांसाठी करते. स्वतःच्या पावतीवर मी फक्त रक्कम पाहिली.

त्या संध्याकाळी वाडीसमोर उभे राहून फोन लावला, तर तो लगेच उचलला गेला. जागा ऐन वेळी बदलावी लागली, पूर्ण पैसे हप्त्यांनी परत करतो, पहिल्या हप्त्यासाठी पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करा, असे तो म्हणाला. मुले रडत होती, अंधार पडत होता, पती दुसऱ्या फोनवर खोल्या शोधत होते. मी कोड स्कॅन केला आणि पिन टाकला. पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. ९,९९९ गेले आणि फोन बंद झाला.

त्याच वाडीमालकांनी ओळखीने दोन खोल्या मिळवून दिल्या आणि रात्री उशिरा गरम जेवण दिले. त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत.

यानंतर जे झाले, त्याचा राग मला अजून आवरत नाही. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक मी लगेच लावला आणि तो चाळीस मिनिटांनी लागला. पहिला तास मोलाचा असतो, असे सगळीकडे सांगतात, आणि त्या तासाचा मोठा भाग प्रतीक्षेच्या संगीतात संपला. तक्रार क्रमांक मिळाला. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या पोलीस ठाण्यात सांगितले गेले की पैसे पुण्यातून गेले, तक्रार पुण्यात द्या. पुण्यात सांगितले गेले की शेवटची रक्कम तिकडे गेली, तक्रार तिकडेच द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचे कारण न देता गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची असते. मी ते कलम छापून नेले, तेव्हा मला बाहेरच्या बाकावर तीन तास बसवले गेले आणि अखेर साध्या अर्जावर शिक्का मारून दिला गेला. एका कर्मचाऱ्याने तर, "एवढ्या स्वस्तात तंबू मिळतात का, मॅडम?" असे विचारले. ३,५०० रुपये मला स्वस्त वाटले नव्हते आणि वाटले असते, तरी तो माझा गुन्हा ठरत नाही.

बँकेने लेखी कळवले की पिन ग्राहकाने स्वतः टाकल्यामुळे ग्राहकाच्या दायित्वावर मर्यादा घालणारा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम लागू होत नाही, कारण तो अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. त्या चोराच्या खात्यात ३,२०० रुपये गोठवले गेले आहेत, पण ते मिळवण्यासाठी न्यायालयाचा आदेश आणावा लागेल, असे मला सांगितले गेले. त्यासाठी वकिलाने ४,००० रुपये सांगितले.

कोणाला किनाऱ्यावर तंबूत राहायचेच असेल, तर आधी गावातल्या एखाद्या दुकानदाराला किंवा खानावळीला फोन करून तो कॅम्प खरोखर आहे का, ते विचारा. मालकाला व्हिडिओ कॉलवर जागा दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली, तर विषय संपला. आणि घरात कोणी त्या गावचे असेल, तर त्याचे ऐका.

मी त्या पानाची तक्रार तीन वेळा केली. तिन्ही वेळा ते नियमांत बसते, असे उत्तर आले. गेल्या आठवड्यात त्याचे नाव बदललेले दिसले. फोटो तेच आहेत, खाली आता तारकर्ली लिहिले आहे, समुद्रावरच्या सूर्योदयाचे वाक्य तसेच आहे आणि दर ३,२०० रुपये आहे.