क्लोझापीन आणि त्यासोबतची रक्ततपासणी : एका बहिणीचा अभिप्राय

ज्या घरात स्किझोफ्रेनिया आहे आणि दोन औषधं बदलून झाली तरी आजारी माणसाला ऐकू येणारे आवाज थांबलेले नाहीत, त्या घरासाठी हे लिहिते आहे. आधी निकाल सांगते. क्लोझापीन माझ्या भावाला लागू पडलं. त्याला अजूनही अधूनमधून आवाज ऐकू येतात, पण ते आता त्याला हुकूम सोडत नाहीत. ते चालू असतानाही तो जेवतो, झोपतो आणि दुपारनंतर कामावर जातो. आधीच्या कुठल्याही औषधाने एवढं केलं नव्हतं.

तक्रारी आहेत, काही गंभीर आहेत, त्यांच्याकडे येतेच. माझा व्यवसाय हिशेब तपासण्याचा, त्यामुळे घरातल्या आजाराच्या खर्चाची वही आपसूक माझ्याकडे आली. या औषधाकडे मी त्या वहीतून बघते.

साधारण एक तृतीयांश शुभार्थींना, म्हणजे हा आजार असलेल्यांना, नेहमीच्या औषधांनी पुरेसा गुण येत नाही. दोन वेगवेगळी औषधं, योग्य मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तर आजार उपचारांना दाद देत नाही असं डॉक्टर मानतात. त्या टप्प्यावर सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो क्लोझापीनचा. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत असेच, काहीच लागू न पडलेले 268 रुग्ण घेतले होते. सहा आठवड्यांत क्लोझापीन घेणाऱ्यांपैकी 30 टक्क्यांत सुधारणा दिसली, तर क्लोरप्रोमाझीन हे जुनं औषध घेणाऱ्यांपैकी फक्त 4 टक्क्यांत. 30 टक्के म्हणजे खात्री नाही, हे मान्य. पण ज्यांनी वर्षानुवर्षं त्या 4 टक्क्यांच्या आशेवर काढली आहेत, त्या शुभंकरांना, म्हणजे सांभाळणाऱ्या घरच्यांना, 30 किती मोठे वाटतात ते त्यांनाच विचारा.

मग दुसरं औषध निष्फळ ठरल्याबरोबर हे का देत नाहीत? त्याचं मूळ 1975 सालच्या फिनलंडमध्ये आहे. तिथे हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकाएकी घटल्या आणि 8 जणांचा मृत्यू झाला. बऱ्याच देशांत औषध मागे घेतलं गेलं. 1989 मध्ये अमेरिकेने परवानगी दिली ती नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. सुरुवातीला तिथल्या उत्पादक कंपनीने गोळी आणि तपासणी एकत्रच विकायला काढली, वेगळी द्यायला तयार नव्हती, आणि त्यावरून राज्य सरकारांनी तिला कोर्टात खेचलं. म्हणजे या औषधात गोळीपेक्षा तिच्याभोवतीची व्यवस्था महाग पडते, हे पहिल्या दिवसापासूनचं आहे.

फिनलंडचीच पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. 2009 साली तिथल्या 66,881 रुग्णांच्या 11 वर्षांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळी औषधं घेणाऱ्यांची तुलना केली तेव्हा मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी दिसलं ते क्लोझापीन घेणाऱ्यांमध्ये. ज्या औषधाच्या भीतीने डॉक्टरांचा हात आखडतो, त्याच्यावरची माणसं जास्त जगत होती. आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाणही या औषधाने कमी होतं, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. एका रात्री भाऊ "ताई, आता बस झालं" म्हणाला होता. ती रात्र आठवली की माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुण हाच.

आता तपासणीची सेवा. पहिले काही महिने दर आठवड्याला रक्त द्यायचं, मग वर्ष होईपर्यंत दर पंधरवड्याला, नंतर महिन्यातून एकदा. देशागणिक थोडा फरक असतो. कारण पटण्यासारखं आहे: पेशी घटण्याचा धोका सुरुवातीच्या महिन्यांत सर्वाधिक असतो, आणि तो एकूण शंभरात एकापेक्षाही कमी जणांना होतो. वेळेवर लक्षात आलं तर औषध थांबवून जीव वाचतो. 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सक्तीची नोंदणीव्यवस्था काढून टाकली, तपासणीचा सल्ला मात्र कायम ठेवला. मला हा निर्णय योग्य वाटतो. तपासणी हवीच. पण एका कागदाच्या उशिरामुळे माणसाची गोळी अडता कामा नये.

आमची अडली होती. रिपोर्ट प्रयोगशाळेत तयार होता, दवाखान्यापर्यंत पोचला नव्हता, मध्ये सुट्ट्या होत्या आणि खिडकीवरच्या माणसाला रिपोर्टशिवाय गोळ्या द्यायची मुभा नव्हती. हे औषध 48 तासांहून जास्त चुकलं की जुन्या मात्रेवर थेट परत जाता येत नाही; पुन्हा 12.5 मिलिग्रॅमपासून चढत जावं लागतं. तसंच झालं. चढत जाण्याच्या त्या आठवड्यांत आवाज परत मोठे झाले आणि त्याची लागलेली नोकरी गेली. खिडकीच्या पलीकडे एका कागदाची दिरंगाई झाली, आणि अलीकडे एका माणसाची नोकरी संपली. ही तक्रार मी लेखी दिली आहे. अभिप्रायात गुण द्यायचे तर गोळीला पाचपैकी चार आणि आम्हाला मिळालेल्या तपासणीच्या सेवेला दोन.

गोळीचा एक गुण कापला तो दुष्परिणामांमुळे. झोपेत लाळ इतकी गळते की उशीवर टॉवेल घालावा लागतो. डॉक्टरांना सांगितलं की त्यावर उपाय देतात, पण शुभार्थी लाजेने सांगत नाहीत. वजन झपाट्याने वाढतं आणि साखरेवर लक्ष ठेवावं लागतं. सकाळी डोळे उघडत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत ताप, छातीत दुखणं किंवा धडधड झाली तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्यायचं, कारण हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते.

आणि बद्धकोष्ठता. हा शब्द किरकोळ वाटतो म्हणून मुद्दाम थांबते. या औषधाने आतड्यांची हालचाल मंदावते, आणि ती पूर्ण थांबून माणसं दगावली आहेत. 2020 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यासाठी इशारा अधिक कडक केला. पांढऱ्या पेशींबद्दल आम्हाला प्रत्येक भेटीत विचारलं जातं, पोट साफ होतं का हे मात्र आम्हीच सांगावं लागतं. घरात रोज विचारा, संकोच करू नका.

सिगारेटचंही सांगून ठेवते. धूम्रपानाने हे औषध शरीरातून लवकर निघून जातं. त्यामुळे एखाद्याने सिगारेट अचानक सोडली की तीच मात्रा अंगावर जास्त पडते. सोडायची असेल तर जरूर सोडावी, पण डॉक्टरांना आधी सांगून.

आता वही. तिच्यात औषध, तपासणी, फी, प्रवास आणि रुग्णालयात भरती असे रकाने आहेत. जुनं औषध असल्याने गोळीचा आकडा सगळ्यात लहान. सगळ्यात मोठे आकडे भरतीचे, आणि ते बहुतेक सगळे क्लोझापीन सुरू होण्याआधीच्या पानांवर आहेत. पण खरा खर्च ज्यात लिहावा असा रकानाच माझ्या वहीत नव्हता. आईने नोकरी सोडली, कारण त्याला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. तिचा पगार कुठल्या रकान्यात लिहायचा? भावाचं शिक्षण अर्धवट राहिलं आणि ज्या वयात लोक कमावायला लागतात, ती सगळी वर्षं रिकामी गेली. अमेरिकेत 2013 सालचा असा हिशेब मांडला गेला होता. एकूण भार 155 अब्ज डॉलरहून जास्त निघाला. त्यात बेरोजगारीचा वाटा 38 टक्के, घरच्या शुभंकरांच्या गेलेल्या वेळेचा 34 टक्के, आणि उपचारांवरचा प्रत्यक्ष खर्च 24 टक्के. आमच्या घराचं प्रमाणही याहून फार वेगळं निघणार नाही. औषधपाण्याचा खर्च तेवढा दिसतो, बाकीचा घर मुकाट सोसतं.

आणि जो पैशात मांडताच येत नाही तो भाग. मित्र आधी कमी बोलायला लागले, मग यायचे थांबले. नातेवाईक चौकशी करायचे, पण आवाज खाली करून. घर भाड्याने घेताना "घरात कोण कोण आहे" या प्रश्नाला आई अडखळायची. त्याने कधी कुणाला दुखावलेलं नाही, तरी लोक आपली मुलं जवळ ओढून घ्यायचे आणि ते त्याला दिसायचं.

या सगळ्या खर्चातला टाळता येण्यासारखा सगळ्यात मोठा भाग उशिराचा आहे. निकष पूर्ण झाल्यानंतरही हे औषध सुरू व्हायला कित्येक वर्षं जातात, हे अनेक देशांत दिसलेलं आहे. आमच्याकडेही गेली. तिसरं, चौथं, दोन-दोन एकत्र, असं चालू राहिलं, आणि प्रत्येक बदलाबरोबर एक भरती. रक्ततपासणीचा त्रास वाचवण्यासाठी हे केलं जातं असं मला वाटतं. हिशेबाच्या दृष्टीनेही ते चूक आहे, कारण एका भरतीचा खर्च कित्येक महिन्यांच्या तपासण्यांहून जास्त भरतो. तुमच्या घरी दोन औषधं नीट घेऊन झाली असतील, तर तिसऱ्याची चिठ्ठी हातात येण्याआधी क्लोझापीनबद्दल विचारा. हृदयाचा किंवा रक्ताचा जुना विकार, फिट येणं यांसारख्या कारणांनी नाही म्हणाले, तर ते कारण समजून घ्या.

सुरू करायचं ठरलं तर दवाखाना निवडतानाच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो का, सुट्टीत गोळ्या कोण देतं, आणि कामाच्या वेळेआधी रक्त देता येतं का. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. नोकरीसाठी शुभार्थीला आधी वर्षभर प्रशिक्षणात अडकवण्यापेक्षा थेट खऱ्या नोकरीत बसवून मागून आधार देण्याची पद्धत जास्त लोकांना कामाला लावते, हे अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसलं आहे. भावाला आता असा एक मदतनीस मिळाला आहे. मालकाशी बोलून त्याने कामाची वेळ दुपारची करून घेतली, म्हणजे सकाळची गुंगी आणि रक्त देणं दोन्ही त्याआधी उरकतं.