बिरसीचा टॉवर: शिकाऊ पायलटांना सांभाळून घेणारा

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाचा टॉवर, म्हणजे तिथला हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष, रेडिओवर शिकाऊंशी सावकाश बोलतो, हा त्याचा मोठा गुण. समजलं नाही तर ‘रॉजर’ (निरोप मिळाला) म्हणून वेळ मारून नेऊ नका. ‘से अगेन’ म्हणा, न चिडता पुन्हा सांगतात. रनवे, क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेच्या दाबाचा आकडा), उंची, लँडिंगची परवानगी मात्र परत वाचून दाखवावीच लागते. गडबड बहुधा आकड्यांत होते. क्यूएनएच ९९८ असताना १००८ ऐकून तेच लावलं, तर अल्टिमीटर (उंचीमापक) सुमारे २८० फूट जास्त दाखवतो. विमान प्रत्यक्षात तेवढंच खाली, धानाच्या बांध्यांकडे! रीडबॅकमध्ये, म्हणजे परत वाचून दाखवताना, ही चूक टॉवर लगेच पकडतो. आणि हो, रेडिओचं बटण दाबून क्षणभर थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. रेडिओच बंद पडला तर ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) ७६०० हा रेडिओ बंद पडल्याचा कोड लावून टॉवरच्या दिव्याकडे पाहा: स्थिर हिरवा म्हणजे उतरा.