पेंटॅक्स के-१ : दहा महिने वापरल्यावर

दहा महिने झाले पेंटॅक्सचा के-१ कॅमेरा वापरतेय. सेकंडहँड घेतलाय, आधी बरीच वर्षं पेंटॅक्सचाच के-५ होता म्हणजे एपीएस-सी सेन्सरवाला, लहान सेन्सरचा; के-१ फुल फ्रेम, म्हणजे सेन्सर जुन्या ३५ एमएम फिल्मच्या फ्रेमएवढा. घेतल्या घेतल्या लिहायला बसले होते पण बरं झालं अर्धवट सोडलं, पहिल्या महिन्यात सगळंच भारी वाटतं.

घ्यायचं कारण एकच, मामाची ५० एमएम लेन्स. एसएमसी पेंटॅक्स-एम, एफ १.७, फिल्मच्या काळातली. के-५ वर लावली की क्रॉपमुळे (लहान सेन्सर चित्राचा मधलाच भाग घेतो) ७५ एमएमसारखी वागायची, खोलीत चौघांचा फोटो काढायचा म्हणजे मी भिंतीला पाठ टेकून उभी आणि तरीही कडेच्या माणसाचा खांदा कापलेला. के-१ वर लावली, व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि उलटी दोन पावलं पुढे गेले. तेवढ्यासाठी घेतला म्हणा हवं तर.

बाकी फुल फ्रेममध्ये यायला पेंटॅक्सवाल्यांनी लावलेला वेळ म्हणजे कमाल आहे. २००० सालच्या फोटोकिना प्रदर्शनात एमझेड-डी नावाचा ६ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम प्रोटोटाइप दाखवला होता, सेन्सर फिलिप्सचा, पुढच्या वर्षी गुंडाळून टाकला. तोच सेन्सर घेऊन कॉन्टॅक्सने २००२ ला एन डिजिटल बाजारात आणला आणि तो काही फार चालला नाही, त्यामुळे तेव्हा थांबले ते एका अर्थी शहाणपणाचंच. पण मग थांबलेच की हो! २००२ ला कॅननचा १डीएस आला, २००७ ला निकॉनचा डी३, २००८ ला सोनीचा ए९००, २०१३ ला तर सोनीने मिररलेस (बिनआरशाचा) ए७ काढला, मधल्या मधे पेंटॅक्स आधी होयाकडे आणि २०११ ला रिकोकडे गेली, आणि के-१ उगवला एप्रिल २०१६ मध्ये, तोही आरशावाला. मला विचाराल तर नवीन गिऱ्हाईक ओढायला हा काढलेलाच नाही. १९७५ पासूनच्या के माउंटच्या (लेन्स अडकवायची पेंटॅक्सची खाच) लेन्सेस ज्यांच्या कपाटात पडून आहेत त्यांच्यासाठी काढलाय, आणि ते वापरताना पदोपदी जाणवतं.

म्हणजे बघा, जुनी लेन्स लावून कॅमेरा ऑन केला की तो आधी फोकल लेंथ विचारतो, ५० सांगायचं, कारण शेक रिडक्शनमध्ये (हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय) सेन्सरच हलतो आणि किती हलायचं ते त्याला कळायला हवं ना. मग एम (मॅन्युअल) मोड, अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणाऱ्या भोकाचा आकार) लेन्सच्या रिंगवर, हिरवं बटण दाबायचं, आत पाती क्षणभर मिटल्याची बारीकशी टिक ऐकू येते आणि शटर स्पीड आपला आपण बसतो. (मेनूत अ‍ॅपर्चर रिंगला परवानगी दिली नसेल तर शटर उडतच नाही, नवीन माणूस तिथे घाबरतो.) हे सगळं के-५ वरही होतं, पण इथे व्ह्यूफाइंडर इतका मोठा आहे की हाताने फोकस करायला मजा येते. भाची एका जागी बसत नाही, तिच्यासाठी मी कॅच-इन फोकस लावून ठेवते, बटण दाबून धरायचं आणि ती झुकून फोकसमध्ये आली की शटर आपोआप उडतं.

आता रडगाणं. ३३ फोकस पॉइंट सगळे मधे गर्दी करून बसलेत, कडेला काही नाही. डोळ्यावर फोकस धरून कॅमेरा वळवला की एफ १.७ ला कान शार्प येतो आणि डोळा गेलेला असतो, हे मी इतक्यांदा केलंय की आता सरळ ढिली फ्रेम धरते आणि नंतर कापते, ३६ मेगापिक्सेल आहेत तर परवडतं. वजन बॅटरी-कार्डसकट १०१० ग्रॅम, संध्याकाळी मान सांगते. सेकंदाला ४.४ फ्रेम, क्रॉप मोडमध्ये (सेन्सरचा मधलाच भाग वापरून) ६.५, त्यामुळे उडते पक्षी टिपणाऱ्यांनी नादी लागू नये. व्हिडिओ फुल एचडीच्या पुढे नाही, त्यावर बोलायला नको.

रात्री मात्र सगळं माफ. माउंटच्या वर, स्क्रीनच्या मागे, कार्डच्या खाचेत आणि केबल स्विचच्या (वायरवाल्या रिमोटच्या) भोकापाशी छोटे दिवे दिलेत, तोंडात टॉर्च धरून लेन्स बदलायचे दिवस संपले. आणि अ‍ॅस्ट्रोट्रेसर! आतला जीपीएस आणि कंपास बघून सेन्सर ताऱ्यांबरोबर सरकत राहतो, ट्रायपॉडवर वेगळा ट्रॅकर न लावता दोन-दोन मिनिटांचं एक्स्पोजर आणि तारे ठिपकेच राहतात. त्याआधी कॅलिब्रेशनसाठी कॅमेरा हातात धरून तिन्ही दिशांना फिरवावा लागतो, अंधारात कोणी बघितलं तर म्हणेल बाईच्या अंगात आलंय. जमीन आणि झाडं फिस्कटतात हे लक्षात ठेवा, खालच्या भागासाठी वेगळी फ्रेम घ्यायची आणि जोडायची.

२०१८ ला के-१ मार्क टू, म्हणजे याचीच सुधारित आवृत्ती आली तेव्हा जुन्या के-१ चा मेन बोर्ड बदलून द्यायची सोय ठेवली होती, माझ्या पीसच्या आधीच्या मालकाने ती घेतली नाही. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही.

हा घेऊन जुन्या लेन्सेस शोधायला निघालात तर एक बघा. रिकोच्या काही जुन्या रिकेनॉन पी लेन्सेसना एक जादा पिन असते, ती ऑटोफोकसवाल्या पेंटॅक्स बॉडीच्या फोकस फिरवणाऱ्या स्क्रूच्या खाचेत जाऊन बसते आणि मग लेन्स निघता निघत नाही. रिको म्हणजे तीच, जिच्या मालकीची आज पेंटॅक्स आहे. मामाच्या डब्यात तसली एक निघाली, ती मी अजून माउंटच्या जवळही नेलेली नाही.