डेपेश मोडच्या 'पर्सनल जीझस'ची सात इंची तबकडी: सात महिन्यांनंतर, पट्टा बदलल्यावर

दिवाळीत घेतलेल्या या तबकडीबद्दल सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, लिहायला बसलो होतो. दोन पानं लिहूनही झाली होती. ती आज फाडली, कारण त्यात ज्या गोष्टीचं सगळ्यात जास्त कौतुक केलं होतं ती गाण्याची नव्हतीच.

डेपेश मोड हा इंग्लंडमधला बँड. गाणं ठाऊक असलेल्यांना नव्याने सांगायला नको. तबकडी १९८९ सालची, जुना माल विकणाऱ्याकडून, टपालखर्चासकट १,६५० रुपयांना. एका बाजूला हे गाणं, दुसऱ्या बाजूला 'डेंजरस'. दोन गाणी, म्हणजे गाण्यामागे सव्वाआठशे. घरात यावरून बोलणं झालं आणि ते रास्तच होतं. टॉवेलच्या धंद्यात सध्या एका डझनामागे काय सुटतं ते आमच्या पूर्व भागात कुणालाही विचारा.

तरी घेतली, ती ठोक्यासाठी. थोरली पुण्याला शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिने मोबाइलवर हे गाणं लावलं आणि मी हातातलं काम ठेवून ऐकत राहिलो. तो ड्रमचा आवाज नाही. मिलानच्या स्टुडिओत वाद्यं वाहून न्यायच्या पेट्या असतात तशा पेट्यांवर माणसं चढून उड्या मारत होती, तो आवाज पकडून त्याचा ताल केला आहे. निर्माता फ्लड. बेसिल्डन गावची ही मंडळी १९८० पासून सिंथेसायझरवर वाजवत होती, आणि नऊ वर्षांनी त्यांनी लाकडावर पाय आपटले आणि गाणी लिहिणाऱ्या मार्टिन गोरची गिटार पुढे आणून ठेवली. मागाच्या शेडमध्ये वाढलेल्या माणसाला तो आवाज लगेच कळतो. लाकूड, लोखंड आणि त्यावर पडलेलं वजन.

माझ्याकडे अजून चार जुने धोट्याचे माग आहेत. मिनिटाला १२० वेळा धोटा इकडून तिकडे जातो. तबकडी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात मोबाइलचं घड्याळ लावून गाण्याचे ठोके मोजले, तर जवळजवळ तेवढेच भरले. हे मी भेटेल त्याला सांगितलं. रात्री शेड बंद झाल्यावर गाणं लावायचं, आणि दिवसभर कानात बसलेला मागाचा आवाज तिथूनच पुढे चालू राहायचा. मोबाइलवर ऐकलेल्यापेक्षा आवाज खोल, जड, अंधारा. मी समजलो हीच तबकडीची किमया, याचेच सोळाशे पन्नास. थोरली एकदा म्हणाली, "पप्पा, हे जरा ओढल्यासारखं वाटतंय." मी म्हणालो, मोबाइलवर ऐकून तुमचे कान बिघडलेत. गाण्याच्या लांबीवरूनही काही कळायला मार्ग नव्हता, कारण तिच्याकडचं अल्बममधलं, पाच मिनिटांना चार सेकंद कमी, आणि सात इंचीवरचं मुळातच कापून छोटं केलेलं.

मे महिन्यात प्लेअरचा पट्टा तुटला, मोटरच्या जोरावर थाळी फिरवणारा रबरी पट्टा. पारा त्रेचाळीसच्या पुढे, पत्र्याखालची खोली, रबर किती दिवस टिकणार. प्लेअर माझ्याकडे आला तोही जुनाच, ५,५०० चा.

आता सर्व्हिसचं. कंपनीला फोन केला. अकरा दिवस "नोंद घेतली आहे" एवढंच उत्तर. बाराव्या दिवशी सांगितलं, पूर्ण मशीन पुण्याला पाठवा, तपासणीसकट १,९०० लागतील, नुसता पट्टा विकत नाही. मी म्हणालो, अहो, बांगडीएवढं रबर आहे, माप तरी सांगा. माप सांगता येत नाही म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर मागाचे पट्टे बदलले त्याला हे ऐकवायचं म्हणजे काय! राग अजून गेलेला नाही. मशीन विकताना आतला पट्टा तीन-चार वर्षांत सैल पडतो हे सांगायचं नाही, आणि पडला की मशीनच्या किमतीचा तिसरा हिस्सा मागायचा.

शेवटी आमच्या जॉबर अण्णांना, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या अण्णांना, बोलावलं. त्यांनी वरची थाळी उचलली, खालच्या कड्याभोवती आणि मोटरच्या छोट्या पुलीभोवती दोरा फिरवला, दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाले, "शेठ, यापेक्षा बोटभर आखूड मागवा." मग तुटलेला पट्टा दोन बोटांत धरून ताणला, उजेडाकडे नेला. "हा तुटला आज. पण मेलाय कधीचा. हा घसरत होता." पुलीवर काळी भुकटी बसली होती ती त्यांनी नखाने खरवडून दाखवली. नवीन पट्टा २२० रुपयांना घरपोच आला.

लावला, सुई ठेवली, आणि दुसरंच गाणं सुरू झालं.

वेग जास्त. गायक गहानचा आवाज वर चढलेला, तरुण. मला वाटलं, पट्टा चुकीचा आला. लेबलच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवून मिनिटभर फेरे मोजले, तर पंचेचाळीस. सात इंचीला पंचेचाळीसच हवेत. मग थोरलीला हिवाळ्यात पाठवलेला व्हिडिओ शोधला आणि त्यात लेबल किती वेळा फिरतंय ते मोजलं. बेचाळीस. गाण्याचे खरे ठोके मिनिटाला १३० आहेत. पंचेचाळीसच्या जागी बेचाळीस फेरे झाले की ते १२१ होतात. माझ्या मागाशी जुळणारं गाणं हे असं तयार झालं होतं. सहा महिने मी ज्याला गाण्याचा अंधार म्हणत होतो तो झिजलेल्या रबराचा होता.

चार दिवस तबकडी लावलीच नाही. खरंच वाईट वाटलं. थोरलीला फोन करून सांगितलं की तुझं बरोबर होतं.

पाचव्या दिवशी लावली ती ठोका मोजायचा नाही असं ठरवून, आणि तेव्हा गिटार पहिल्यांदा नीट ऐकली. सैल पट्ट्यावर तिची धारच गेली होती, प्रत्येक सूर किंचित हेलकावत होता. आता ती चावते. मध्यावर एक जागा आहे, सगळं थांबतं आणि नुसते श्वास तालात येतात. आधी ते श्वास मला दमलेल्या माणसाचे वाटायचे. खऱ्या वेगात ते दमलेल्याचे नाहीत, कशाची तरी ओढ लागलेल्याचे आहेत. गाण्याचा अर्थच तो आहे. एल्विस प्रेस्लीच्या बायकोने, प्रिसिलाने, त्यांच्या संसारावर पुस्तक लिहिलं. एका माणसाने दुसऱ्याला आपला देव करून ठेवायचं, हे त्यात वाचून गोरला गाणं सुचलं. गाणारा सांगतोय की मी आहे, मला हाक मार. तो भरवसा देतोय की जाळं टाकतोय हे शेवटपर्यंत कळत नाही. हळू वेगात तो नुसता भारदस्त वाटायचा, कीर्तनकारासारखा. आता त्याची मला भीतीही वाटते. काळोख आहे तो इथे आहे, आवाज खोल असण्यात नाही.

अमेरिकन गायक जॉनी कॅशने २००२ मध्ये हेच गाणं साध्या गिटारवर गायलं, तेही या महिन्यात ऐकलं. त्याच्याकडे ती भीती नाही, खरी श्रद्धा आहे. दोन्ही बसतात, यावरून गाण्याची बांधणी किती पक्की आहे ते बघा.

तक्रार एकच उरली. सात इंचीवर शेवट लवकर विरतो. अल्बममध्ये गिटार आणि पाय पुढे चालत राहतात, इथे रंगात येतानाच हात आखडता घेतलाय. फक्त गाणं ऐकायचं असेल तर १,६५० घालू नका. 'डेंजरस' बरं आहे, पण त्यासाठी उठून बाजू पलटावी असं सात महिन्यांत चार-पाच वेळाच वाटलं. प्लेअर जुना घेणार असाल तर तबकडीच्या आधी पट्टा मागवा, आणि कागदाची चिठ्ठी लावून फेरे मोजा.

मोटरच्या खाली रबरी बुचाआड एक बारीक स्क्रू असतो, वेग कमी-जास्त करायचा. परवा रात्री सगळे झोपल्यावर तो फिरवून मुद्दाम बेचाळीसवर आणला. माग आठवला, ठोका जुळला. पण गहान गायला लागला आणि पहिलं कडवं संपायच्या आत मी सुई उचलली. त्याचा आवाज असा ओढलेला मला सहन होईना. पुन्हा चिठ्ठी लावली, पुन्हा मोजलं, पंचेचाळीसवर आणून स्क्रूवर बूच बसवलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं.