पुण्यातल्या एका हॉस्पिटलचा क्लिनिकल ट्रायल विभाग: सही करायच्या आधी भरपाईचं पान वाचा

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण बाकीच्या मोठ्या हॉस्पिटलांतही थोड्याफार फरकाने हेच असणार असं मला वाटतं. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, आणि त्यातले तीन एकट्या कोऑर्डिनेटर मॅडमचे.

मामांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका आकसत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, वय 68, जिना चढला की धाप लागते. त्यांच्या नेहमीच्या छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं की नवीन इनहेलरची ट्रायल चालू आहे, "औषधं, तपासण्या सगळं फ्री आहे काका", आणि मामा तिथल्या तिथे तयार. माझा पहिला आक्षेप इथेच. ट्रायल म्हणजे उपचार नाही हो, ते संशोधन आहे, नवीन औषध मिळणार की जुनंच ते बऱ्याचदा चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, आणि कोणाला काय मिळालं ते पुष्कळदा पेशंटलाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही. हे आधी सांगायचं, फ्रीचं नंतर. शिवाय रोजचा डॉक्टर आणि ट्रायलचा इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे ट्रायल चालवणारा डॉक्टर, एकच माणूस असेल तर इतकी वर्षं त्याच्याकडे जाणारा पेशंट त्याच्या तोंडावर नाही कसा म्हणेल? नियमात बसतं, पण मला नाही पटत.

कोऑर्डिनेटर मॅडम मात्र सोन्यासारख्या. मराठी संमतीचा फॉर्म घरी न्यायला दिला, म्हणाल्या घरच्यांना दाखवा, घाई नाही, नाही म्हणालात तरी तुमचं नेहमीचं औषधपाणी आहे तसंच चालू राहील. फॉर्मवर एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमध्ये पेशंटचं हित जपलं जातंय का ते बघणाऱ्या समितीचा नंबर असतो, तो मी लावून बघितला, आधी कोणी उचलला नाही पण नंतर तिथल्या बाईंनी स्वतः परत फोन केला आणि सगळं नीट सांगितलं. या कमिटीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचाच असावा लागतो आणि डॉक्टर-वकिलांबरोबर एक सामान्य माणूसही हवा असा नियम आहे, हे मला आधी माहीत नव्हतं.

आता मेन गोष्ट. फॉर्ममध्ये शिक्षण, कामधंदा, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचं नाव विचारतात. मामी ते वाचून घाबरल्याच, म्हणाल्या औषधाच्या कागदावर वारसदार कशाला? मॅडमनी लपवाछपवी केली नाही, सरळ सांगितलं की ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला द्यायची म्हणून. मग मी विचारलं किती, तर त्यांनी क्लिनिकल ट्रायलच्या 2019 च्या सरकारी नियमातला फॉर्म्युला काढून दाखवला. 8 लाख गुणिले वयाचा फॅक्टर गुणिले रिस्क फॅक्टर, भागिले 99.37. वयाचा फॅक्टर कामगार भरपाईच्या कायद्यातून घेतलाय, 16 वर्षांच्याला 228.54 आणि 65 च्या पुढे 99.37. रिस्क फॅक्टर ठणठणीत माणसाला 4, आणि जो सहा महिन्यांच्या वर जगणार नाही असं वाटतं त्याला 0.5. म्हणजे 16 वर्षांचं निरोगी पोरगं गेलं तर साधारण 73 लाख 60 हजार, मामांना मध्यम धोक्यात, म्हणजे रिस्क फॅक्टर 2 धरलं तर 16 लाख, आणि त्यांच्याच वयाचा शेवटच्या टप्प्यातला कॅन्सरचा पेशंट असेल तर 4 लाख. महिनाभरात जायची शक्यता 90 टक्के किंवा जास्त असेल तर सरसकट 2 लाख.

हे वाचून पोटात कालवलं, खोटं कशाला बोलू. म्हातारा आणि आजारी माणूस स्वस्त, असंच दिसतं ना ते? शेवटचे सहा महिने हातात असलेला माणूस ट्रायलला तयार होतो तेव्हा त्याचे ते सहा महिनेच सगळ्यात मोलाचे असतात, आणि इथे नेमके तेच अर्ध्याने गुणले जातात. पण एक गोष्ट मला मनापासून आवडली, उत्पन्न फॉर्ममध्ये विचारतात तरी फॉर्म्युल्यात ते कुठेच नाही, म्हणजे रिक्षावाला आणि बँक मॅनेजर एकाच वयाचे आणि सारखेच आजारी असतील तर रक्कम सारखी.

आणि हा फॉर्म्युला कुठून आला तेही विसरू नका. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात एका संशोधन प्रकल्पात हजारो मुलींना एचपीव्ही लस, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर टाळणारी लस दिली, सात मुली गेल्या, चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसत नाही असं म्हटलं, पण कितीतरी फॉर्मवर आईबापांऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. आदिवासी पोरी होत्या त्यात. पुढे इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेच्या ट्रायलबद्दलच्या याचिकेवर 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला धारेवर धरलं, त्याच वर्षी भरपाईचे नियम आले, पेशंटची संमती व्हिडिओवर घ्यायचंही तेव्हाच आलं. त्याआधी कंपनी देईल ते घ्या असाच कारभार.

मामांनी शेवटी सही केली, फ्रीसाठी नाही, म्हणाले पुढच्याला तरी बरं औषध मिळेल. वारसदार म्हणून मामींचं नाव स्वतः लिहिलं.

विभागाला विनंती, पहिलं बोलणं पेशंटच्या रोजच्या डॉक्टरांनी न करता दुसऱ्या कोणीतरी करा, आणि भरपाईच्या पानावर नुसतं "नियमानुसार" न लिहिता त्या पेशंटच्या वयाचा आकडा काढून द्या. ट्रायलला जाणाऱ्यांनी घरूनच तिचा सीटीआरआय नंबर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला नंबर मागून घ्या, साइट सगळ्यांना फुकट उघडी आहे, 2009 पासून अशा औषधांच्या ट्रायल तिथे नोंदवणं सक्तीचं आहे, पैसे कोण लावतंय तेही तिथेच दिसतं.