आधी प्रतिज्ञापत्र की आधी मोहल्ला कमिटी?

दंगल शमते, संचारबंदी उठते, दुकानांची शटरं अर्धी वर जातात आणि गावातली चार जाणती माणसं बसतात. आता करायचं काय? एक गट म्हणतो, झालं गेलं गंगेला मिळालं, दोन्ही बाजूंना एकत्र बसवा. दुसरा म्हणतो, कोणी काय केलं ते आधी प्रतिज्ञापत्रावर बाहेर येऊ द्या, मग बसू. या दोन्ही वाटा महाराष्ट्राने चालून पाहिल्या आहेत, तेव्हा हवेत वाद घालायचं कारण नाही.

पहिली भिवंडीची. यंत्रमागांच्या या शहरात १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल झाली, १९८४ मध्ये पुन्हा. शांतता समित्या तेव्हाही असायच्या. पण सण तोंडावर आला की पोलीस ठाण्यात चहा पिऊन येणारे तेच ते पुढारी त्यात. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या त्या याच्या उलट: मोहल्ल्यातली साधी माणसं, दोन्ही धर्मांची, सोबत पोलीस, आणि बैठक नियमित, सण असो नसो. असल्या बैठकीत दंगलीवर भाषणं होत नाहीत. विषय निघतो तो नळाचा, गटाराचा, शेजाऱ्याच्या भांडणाचा. फायदा असा की रात्री अकरा वाजता 'अमक्या गल्लीत कापाकापी झाली' अशी आवई उठली, तर त्या गल्लीत कोणाला विचारायचं हे माहीत असतं. चेहरा ओळखीचा, दारही ओळखीचं. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडल्यावर मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

पण ही वीण अधिकाऱ्यावर अवलंबून असते, आणि अधिकाऱ्याची बदली होते. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून भिवंडीतच जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोघे गेले, जमावाने दोन पोलिसांना ठार केलं. ती हिंदू-मुस्लिम दंगल नव्हती. मोहल्ला आणि पोलीस यांच्यातला जो धागा कमिट्यांनी जोडला होता, तोच तुटला होता.

दुसरी वाट मुंबईची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींच्या चौकशीसाठी १९९३ मध्ये न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग नेमला गेला. जानेवारी १९९६ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू केला. १९९८ मध्ये अहवाल आला, तो सरकारने फेटाळला. फार थोडे खटले शिक्षेपर्यंत पोचले. मग मिळालं काय? एक हिशेब मिळाला: ९०० मृत, त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले. सरकारने नाकारला तरी हा हिशेब पुसता आला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने बेपत्ता माणसांच्या वारसांना शोधून भरपाई द्या असा आदेश दिला. बेपत्तांची संख्या १६८ होती. प्रेत सापडलं नाही की मृत्यूचा दाखला अडतो, दाखला अडला की सगळंच अडतं. अशा घरातल्या बाईला तुम्ही 'चला, क्रिकेटचा सामना ठेवलाय दोन्ही समाजांच्या पोरांचा' म्हणून बोलवायला गेलात, तर ती दार उघडेल का? (असे सामने मुंबईत झाले, चांगलेही झाले. १९९४ नंतर तिथेही मोहल्ला कमिट्या आल्या. मी फक्त क्रमाबद्दल बोलतोय.)

आयोगाच्या वाटेवर एक खड्डा आहे, तो भल्याभल्यांना दिसत नाही. चौकशी आयोग कायदा १९५२ चा. त्यानुसार आयोगापुढे दिलेली साक्ष त्या साक्षीदाराविरुद्ध फौजदारी खटल्यात वापरता येत नाही, आणि अहवाल न्यायालयावर बंधनकारक नसतो. म्हणजे आयोगापुढे सगळं सांगून झालं म्हणून एफआयआर आणि पंचनाम्याचा पाठपुरावा सोडला, तर हाती शून्य. शिवाय आयोग नेमणं तुमच्या हातात नाही, कमिटी काढणं आहे.

दक्षिण आफ्रिकेची 'सगळं कबूल करा आणि माफी मिळवा' ही पद्धत चर्चेत हमखास निघते. तिला कायदा लागतो, संसद लागते. गावपातळीवर ती विसरा.

माझं मत विचाराल तर: जिथे माणसं मेली किंवा हरवली आहेत, तिथे कागद आधी. कमिटी सहा महिन्यांनीही काढता येते, जळलेल्या घराचा फोटो सहा महिन्यांनी काढता येत नाही, तोवर रंग दिलेला असतो. पहिल्या पंधरवड्यात वही घ्या, घरोघर जा: नाव, तारीख, वेळ, काय गेलं, कोणी पाहिलं. दोन्ही बाजूंच्या घरी जा, आणि जाणारी जोडीही दोन्ही बाजूंची असू द्या. निम्मी कमिटी तिथेच तयार होते. जिथे जीव गेलेला नाही, नुसती दगडफेक आणि धुमसणं आहे, तिथे मात्र थेट भिवंडीची वाट धरा, चौकशीच्या मागणीत वर्ष घालवू नका.

आणि कमिटीला अध्यक्ष नेमू नका. नेमलात की पुढच्या पालिका निवडणुकीत तो उमेदवार असतो.